पाखडलेले वाटाणे खाली येत नाहीत : एका अतिवास्तव स्वचित्राचं प्रकरण

चित्र असं : खोलीत एक बाई पाटावर बसून सूप पाखडते आहे. सुपातून उडालेले काळे वाटाणे वर जातात आणि तिथेच राहतात. तिच्या मागे, जमिनीपासून दोन फुटांवर, तीच बाई त्याच साडीत हवेत आडवी पडली आहे. डोकं मागे सैल, केस खाली लोंबणारे, पदर जमिनीकडे लटकलेला. बसलेली बाई वर बघतसुद्धा नाही.

हे चित्र डोंबिवलीतल्या एका हौशी छायाचित्रकर्तीने स्वतःच्या घरात, स्वतःलाच समोर ठेवून, मदतनीस न घेता केलं. पहिला प्रयत्न पूर्ण फसला आणि दुसरा जमला. दोन्हींत कॅमेरा, खोली आणि संगणक तेच होते. पहिल्या वेळी ती संपादनात अकरा तास झगडली, दुसऱ्या वेळी नऊ तास लागले, म्हणजे मेहनतीतही मोठा फरक नव्हता. फरक पडला तो फोटो काढण्याआधी घेतलेल्या चार-पाच निर्णयांमुळे. म्हणून इथे संपादनापेक्षा त्या निर्णयांवर जास्त लिहिलं आहे.

साधनं आणि जागा

खोली १० बाय १२ फूट. भिंती फिकट पिवळसर, जमिनीवर चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल. डावीकडे सुमारे ३ बाय ४ फुटांची एकच खिडकी, तिची खालची कड जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर. कॅमेरा प्राथमिक श्रेणीतला २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर, एपीएस-सी म्हणजे मध्यम आकाराच्या सेन्सरचा, त्यावर सोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स. साधा ट्रायपॉड, वायरचा रिमोट, ८ जीबी मेमरीचा लॅपटॉप. रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले कच्चे फोटो, उघडायला डार्कटेबल आणि जोडकामाला गिम्प, दोन्ही फुकट मिळणारी. फोटोशॉप वापरणाऱ्यांना पुढच्या सगळ्या पायऱ्या तशाच करता येतील, फक्त मेनूतली नावं थोडी वेगळी.

पहिला प्रयत्न का फसला

मूळ कल्पनेत फार गोष्टी होत्या. तरंगणारी बाई, उडणारे दाणे, भिंतीतून बाहेर येणारा हात आणि खिडकीत दिवसा उगवलेला भला मोठा चंद्र. हे सगळं एकत्र आल्यावर बघणाऱ्याचा डोळा कुठेच थांबेना. अतिवास्तव चित्रात अशक्य गोष्ट एकच असावी असं आमचं ठाम मत आहे. बाकी सगळं इतकं रोजचं हवं की त्या एका गोष्टीवर विश्वास ठेवण्यावाचून बघणाऱ्याला पर्याय उरू नये. इथे अशक्य गोष्ट म्हणजे वजन नाहीसं होणं, आणि बाई व वाटाणे ही त्याचीच दोन रूपं. हात आणि चंद्र दुसऱ्या चित्रांचे होते, ते काढले.

कल्पना साफ झाली तरी पहिल्या फोटोतले दोष उरलेच. तिने कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, १४० सेंटिमीटरवर लावला होता. स्वतः ४५ सेंटिमीटर उंचीच्या प्लास्टिकच्या स्टुलावर आडवी झाली. मग संपादनात स्टूल पुसून शरीर कापून काढलं आणि ते सुमारे ७० सेंटिमीटर वर सरकवलं, तरंगणं ठसठशीत दिसावं म्हणून. पाहणारे म्हणाले, ‘काहीतरी चिकटवल्यासारखं वाटतंय.’ काय ते कोणालाच सांगता येईना.

कारण साधं होतं. ४५ सेंटिमीटरवर असलेलं शरीर १४० सेंटिमीटरवरच्या कॅमेऱ्याला वरून दिसतं : पोट दिसतं, पाठीची बाजू दिसत नाही. ते ११५ सेंटिमीटरवर नेऊन ठेवलं तर त्या उंचीवरचं शरीर कॅमेऱ्याला जवळजवळ आडव्या रेषेत दिसायला हवं. चित्रात ते अजूनही वरूनच दिसत होतं. बघणाऱ्याला हे शब्दांत मांडता येत नाही, पण डोळ्याला कळतं. फोटोत शरीर डावी-उजवीकडे थोडं सरकवलेलं खपून जातं. वर-खाली सरकवलेलं सहसा खपत नाही.

दुसरा दोष सावलीचा. तिने तरंगत्या शरीराच्या बरोबर खाली एक काळपट लंबगोल काढला होता. आपण सगळेच आधी तसंच करतो. पण त्या खोलीत उजेड छतातून येत नाही, डावीकडच्या खिडकीतून येतो. खिडकीचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर, शरीर खिडकीपासून दोन मीटरवर. हिशेब केला तर तरंगत्या शरीराची मुख्य सावली त्याच्या खाली पडतच नाही, बरीच उजवीकडे जाऊन पडते, आणि खिडकी मोठी असल्यामुळे तिला धारदार कड नसते. शरीराच्या थेट खाली असतो तो फक्त जेमतेम जाणवणारा काळोख. काळा लंबगोल काढल्यामुळे चित्रात एकाच वेळी दोन सूर्य झाले.

तिसरा दोष टाइलचा. चकचकीत टाइलमध्ये शरीराचं आणि स्टुलाचं प्रतिबिंब होतं. स्टूल पुसताना स्टुलाचं प्रतिबिंब पुसलं, आणि त्याला लागून असलेलं शरीराचंही पुसलं गेलं. उरलं ते केसांचं अर्धवट प्रतिबिंब, कशालाच न जोडलेलं.

चौथा दोष वेळेचा. रिकाम्या खोलीचा फोटो, म्हणजे ज्यावर सगळं बेतायचं तो पाया, सगळ्यात शेवटी काढला गेला. मधल्या तासाभरात ऊन सरकलं होतं आणि कॅमेरा ऑटोवर होता. त्यामुळे पायाच्या फोटोतली भिंत निळसर आणि थोडी काळपट, तर शरीराच्या फोटोतली भिंत पिवळी. मास्कच्या, म्हणजे वरच्या फोटोचा कुठला भाग दिसेल ते ठरवणाऱ्या पडद्याच्या, कडेने भिंतीवर फिकट वलय उमटलं. ते घालवायला तिने पाच तास क्लोन टूल, म्हणजे शेजारचा भाग उचलून दुसरीकडे उमटवणारा ब्रश, चालवलं, आणि भिंतीचा पोत तेवढ्या भागात गुळगुळीत झाला. अकरापैकी पाच तास त्यातच गेले.

दुसऱ्या वेळची मांडणी

यावेळी शरीर वर सरकवायचंच नाही असं ठरलं. जेवढ्या उंचीवर झोपता येईल तेवढंच तरंगायचं. घरात ६० सेंटिमीटर उंचीचं, ३० सेंटिमीटर चौरस बैठकीचं लाकडी स्टूल होतं. त्यावर पातळ उशी ठेवली की शरीराची रेघ साधारण ६५ सेंटिमीटरवर येते. कॅमेऱ्याची लेन्सही बरोबर ६५ सेंटिमीटरवर आणि पूर्ण आडवी ठेवली. आता शरीर कॅमेऱ्याला अगदी कडेने दिसतं. स्टूल पूर्णपणे शरीराच्या खाली राहतं आणि शरीराचा कुठलाही भाग झाकत नाही. स्टूल पुसल्यावर भरून काढायला काही उरतच नाही, हा या उंचीचा मोठा फायदा.

लेन्स २४ मिलिमीटरवर. तरंगणारी बाई लेन्सपासून ९ फुटांवर, मागची भिंत तिच्या मागे अडीच फुटांवर. बसलेल्या बाईचा पाट साडेसात फुटांवर, डावीकडे. ९ फुटांवर या लेन्सची चौकट सुमारे २ मीटर ७० सेंटिमीटर रुंद भरते, त्यात पाच फूट दोन इंचांचं आडवं शरीर आरामात मावतं. लेन्सचं छिद्र एफ/५.६ला आणि फोकस ९ फुटांवर ठेवून साधारण ६ ते साडेसतरा फुटांपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं, म्हणजे दोन्ही बाया आणि भिंतही.

दोघींमध्ये वीतभर जागा मुद्दाम मोकळी सोडली. एकीच्या डोक्यामागे दुसरीचे पाय आले असते तर दूर-जवळ छान दिसलं असतं, पण मग केसांच्या एकेका बटेभोवती मास्क कापावा लागला असता. मोकळ्या जागेतून मऊ ब्रशने रेघ ओढली की दोन फोटो जोडले जातात. हौशी कामात हा व्यवहार फायद्याचा.

टाइलवर सुती सतरंजी अंथरली आणि चारही कडांना खालून दोन बाजूंनी चिकटणारी टेप लावली. प्रतिबिंबाचा प्रश्न तिथेच संपला. टेप नसती तर पायाने सरकलेली एक सुरकुती प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी आली असती. ट्रायपॉड मात्र सतरंजीवर नाही, टाइलवर उभा केला. त्याचा मधला दांडा पूर्ण खाली केला आणि हुकाला दोन किलो गव्हाची पिशवी अडकवली. लेन्सचं किंवा कॅमेऱ्याचं स्थिरीकरण बंद ठेवलं, कारण ट्रायपॉडवर ते उगीचच चौकट हलवू शकतं.

साडी मऊ, वापरून विरलेली, फिकट पिवळी सुती. कडक खळ दिलेली साडी हवेत लोंबत नाही, पत्र्यासारखी उभी राहते. रंग फिकट का, याचं कारण वाटाण्यांत आहे, ते पुढे. पदराच्या टोकाला आतून दोन नाणी टाचली होती, त्यामुळे तो सरळ खाली ओढला गेला. टोक जमिनीपासून दहा सेंटिमीटर वर राहील एवढीच लांबी सोडली. पदर जमिनीला टेकला की तरंगण्याचा अर्धा परिणाम जातो.

उजेड आणि आकडे

सकाळी दहा ते अकरा-दहा. त्या वेळी खिडकीवर थेट ऊन येतं. खिडकीवर पांढरं धोतर ताणून लावलं की सगळी खिडकीच एक मोठा मऊ दिवा होते. ट्यूबलाइट बंद, पंखा बंद. पंखा केस आणि पदर हलवतो हे सगळ्यांना सुचतं. ट्यूबलाइट दर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, आणि १/५०० सेकंदाच्या फोटोत त्यामुळे आडवे पट्टे येऊ शकतात, हे सहसा सुचत नाही.

सगळं मॅन्युअलवर. शरीराच्या फोटोंना एफ/५.६, १/१२५ सेकंद, आयएसओ ८००. वाटाण्यांच्या फोटोंना एफ/५.६, १/५०० सेकंद, आयएसओ ३२००. दोन्हींत फोटो तेवढाच उजळ येतो : वेळ चौथाई, संवेदनशीलता (आयएसओ) चौपट. व्हाइट बॅलन्सही, म्हणजे पांढरा रंग कसा दिसेल ते ठरवणारं सेटिंग, एकाच आकड्यावर बांधलेला. फोकससाठी स्टुलावर झाडू आडवा ठेवला, त्यावर ऑटोफोकस लावला आणि लगेच मॅन्युअलला टाकला.

मोबाइलने करणाऱ्यांनी एक्स्पोजर आणि फोकस दाबून लॉक करावा, पोर्ट्रेट मोड आणि नाइट मोड बंद ठेवावा. हे मोड प्रत्येक फोटोवर वेगळी प्रक्रिया करतात, आणि मग दोन फोटो एकमेकांशी जुळत नाहीत.

काय काय काढलं

आधी एक चाचणी. दोन स्टुलांवर फळी, फळीवर गुंडाळलेली गोधडी, उंची तीच ६५ सेंटिमीटर. या फोटोवरून त्या खोलीत, त्या उजेडात, त्या उंचीवरच्या आडव्या वस्तूची खरी सावली कशी पडते ते कळलं. हा फोटो अंतिम चित्रात कुठेच नाही, पण सावलीचा प्रत्येक निर्णय याच्याकडे बघून झाला. पाच मिनिटांचं काम आहे, ते टाळू नये.

त्यानंतर रिकामी खोली. आणि हे एकदाच नाही : प्रत्येक प्रकारच्या फोटोंच्या आधी एक आणि नंतर एक. ऊन सरकलं तरी ज्याच्या जवळचा पाया त्यालाच वापरता येतो. प्रत्येक वेळी पाटावर एक कोरा पांढरा कागद ठेवून वेगळा फोटो घेतला, रंग जुळवायला.

मग तरंगणारी बाई. दहा सेकंदांच्या टायमरमध्ये पळत जाऊन स्टुलावर आडवं होणं जमत नाही, झालं तरी चेहऱ्यावर घाई दिसते. कॅमेऱ्यातला इंटरव्हल टायमर लावला : दर सहा सेकंदांनी एक, असे चाळीस फोटो, चार मिनिटं. एकदा आडवं झालं की कॅमेरा आपलं काम करत राहतो आणि आपण फक्त शरीराकडे लक्ष देतो. स्टुलाखाली रबराची मॅट हवी. पाठीचा त्रास असलेल्यांनी हे अजिबात करू नये : कमरेचा आधार तेवढा ३० सेंटिमीटरचा, बाकी शरीर पोटाच्या स्नायूंवर तोलायचं असतं. पाच सेकंद धरायचं, मग पाय टेकवून विसावा.

उडी मारून तरंगणं दाखवण्यापेक्षा स्टूल चांगलं, कारण उडीत प्रत्येक स्नायू ताणलेला असतो आणि केस वर उडतात. स्टुलावर आडवं पडून मान सोडली की केस खरोखर गुरुत्वाने खाली येतात. शरीर मात्र फळीसारखं ताठ नको, नाहीतर जादूगाराच्या खेळातली मुलगी दिसते. एक गुडघा किंचित वाकलेला, दोन्ही पावलं सैल, बोटं खाली झुकलेली, खिडकीकडचा हात मोकळा लोंबणारा. चाळीसपैकी सदतीस फोटो पावलांमुळे गेले. सगळं शरीर सैल सोडलं तरी पावलं ताठ राहतात, हे या प्रकारच्या कामात हमखास होतं.

डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे हा लहान निर्णय नाही. १८४० साली हिप्पोलिट बायार या फ्रेंच माणसाने स्वतःला बुडून मेलेला दाखवणारं स्वचित्र काढलं. तेव्हा एका चित्राला मिनिटंच्या मिनिटं लागत आणि तेवढा वेळ डोळे उघडे ठेवणं अवघड, म्हणून मिटलेले डोळे त्याच्या सोयीचे होते आणि विषयालाही शोभणारे. छायाचित्रणाच्या अगदी सुरुवातीलाच स्वचित्र आणि बनाव एकत्र आले ते असे. आपल्याला १/१२५ सेकंदात काम होतं, म्हणून निवड खरीखुरी आहे. इथे मिटलेल्या डोळ्यांची बाई झोपलेली किंवा मेलेली वाटली आणि चित्र तिच्या स्वप्नाचं झालं. उघड्या डोळ्यांनी छताकडे बघणारी बाई घेतल्यावर ती या घरात, या क्षणी, जागी तरंगते आहे असं झालं. तेच घेतलं.

पदराचा वेगळा फोटोही लागला. स्टुलाच्या कडेवर साडी चोळामोळा होते आणि कमरेखाली ३० सेंटिमीटरची सपाट रेघ पडते. त्याच जागी झाडूचा दांडा ६५ सेंटिमीटरवर आडवा धरून साडीचा तोच भाग त्यावरून मोकळा लोंबू दिला. पुढे हाच भाग त्या सपाट रेघेवर बसवला.

बसलेल्या बाईचे फोटो सोपे. सुपात दोन मुठी वाटाणे, सूप पाखडण्याच्या वरच्या टोकाला स्थिर धरलेलं, मागची बाजू किंचित खाली. नजर सुपात.

वाटाणे

सुरुवातीला तांदूळ होते. पांढरा तांदूळ पिवळट भिंतीवर दिसेचना. मग अख्खे उडीद घेतले, काळे, म्हणून भिंतीवर उठून दिसणारे. चाचणीचा फोटो तिने तिथल्या तिथे मोबाइलवर पाठवून पाहिला आणि अडचण कळली : साडेचार मिलिमीटरचा उडीद मोबाइलच्या १०८० पिक्सेल रुंद चित्रात दोन पिक्सेलसुद्धा भरत नाही. लेन्सवर धूळ बसल्यासारखं दिसतं. स्वयंपाकघरात मालवणी उसळीचे काळे वाटाणे होते, आठ मिलिमीटरचे. ते तीन-साडेतीन पिक्सेल भरतात, आणि कॅमेऱ्यापासून साधारण साडेचार फुटांवर उडवलेले सहा-सात. शिवाय ते गोल, त्यामुळे फिरलेले कसेही चालतात.

कॅमेऱ्याला वायरचा रिमोट लावून त्याचं बटण पुढे सरकवून अडकवलं, म्हणजे कॅमेरा सलग फोटो काढत राहतो. रॉमध्ये सहा-आठ फोटोंनंतर कॅमेरा अडखळायला लागला, म्हणून या भागापुरतं जेपेग. वाटाण्यांची फक्त काळी आकृती घ्यायची आहे, रॉची गरज नाही.

८० सेंटिमीटर उंच जाणारा वाटाणा सुपातून सेकंदाला सुमारे चार मीटर वेगाने निघतो. १/१२५ सेकंदात त्याची तीन सेंटिमीटरची रेघ उमटेल, १/५००ला आठ मिलिमीटरची, म्हणजे त्याच्या स्वतःच्या लांबीएवढी. पण वरच्या टोकाला पोचल्यावर तो क्षणभर थांबतो. टोकाच्या आधी-नंतरच्या वीसाव्या भाग सेकंदात तो १/५००मध्ये जेमतेम एक मिलिमीटर सरकतो. आपल्याला हवेत थांबलेले वाटाणे हवेत, म्हणून टोकाचेच फोटो वापरायचे. कॅमेरा सेकंदाला पाच फोटो काढतो, वाटाणा ०.४ सेकंदात वर पोचतो, म्हणजे एका पाखडण्यात टोकाजवळचा एखादाच फोटो मिळतो. सव्वीस वेळा पाखडलं, सहा फोटो कामाचे निघाले. हे प्रमाण वाईट नाही. १९४८ साली छायाचित्रकार फिलिप हाल्समनने अतिवास्तववादी चित्रकार साल्वादोर दालीचा उडत्या मांजरांचा आणि पाण्याचा फोटो काढला तेव्हा त्याला अठ्ठावीस प्रयत्न लागले होते, तेही मदतनीसांसह.

यातले काही फोटो पाटाच्या जागी, काही तरंगणाऱ्या बाईच्या जागी आणि काही कॅमेऱ्याजवळ उडवून काढले. जवळचे वाटाणे थोडे धूसर येतात, आणि तसेच यायला हवेत. हा भाग सगळ्यात शेवटी ठेवला, कारण सतरंजीवर पडलेले वाटाणे नंतर कुठल्याही फोटोत चालले नसते.

जोडकाम

सगळ्या रॉ फाइलींना डार्कटेबलमध्ये एकच सेटिंग कॉपी करून लावलं आणि ४५०० बाय ३००० पिक्सेलवर बाहेर काढलं. गिम्पमध्ये आठ बिटला असा एक लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या फोटोंतला एक थर, सुमारे ५४ एमबी घेतो. पूर्ण आकारात सोळा बिटला तोच १९२ एमबी झाला असता, आणि नऊ लेयरनंतर ८ जीबीचा लॅपटॉप हातपाय गाळू लागतो.

फाइली ‘ओपन ॲज लेयर्स’ने एकावर एक घेतल्या. आधी वरच्या लेयरचा मोड ‘डिफरन्स’ करून तपासलं : जुळलेलं सगळं काळं दिसतं, सरकलेल्या कडा पांढऱ्या रेघांनी उजळतात. पदराचा फोटो तीन पिक्सेल सरकलेला निघाला, तेवढा मागे ढकलला. ही तपासणी आधी न केल्यास पुढे मास्कच्या कडेला दुहेरी रेघा येतात आणि माणूस ब्रशला दोष देत बसतो.

तळाला रिकामी खोली, तिच्यावर तरंगणारी बाई. तिला पांढरा मास्क देऊन स्टुलावर काळ्या ब्रशने रंगवलं. शरीराच्या कडेला २० पिक्सेलचा, ७५ टक्के कडकपणाचा ब्रश, सतरंजीवर ३०० पिक्सेलचा पूर्ण मऊ. इथे सावलीच्या चाचणीचं मोल कळलं. शरीराची खरी सावली उजवीकडे दूर पडली होती, स्टुलाच्या पायांची जवळ. म्हणून फक्त स्टूल आणि त्याच्या पायांची सावली पुसली, शरीराची मूळ सावली तशीच ठेवली. नवीन काढावा लागला तो फक्त शरीराखालचा हलका काळोख : ‘मल्टिप्लाय’ मोडचा, म्हणजे खालचं गडद करणारा, एक लेयर, काळ्याऐवजी सतरंजीवरच्याच सावलीतून उचललेला तपकिरी रंग, भरपूर ब्लर, अपारदर्शकता २० टक्के.

कमरेखालच्या सपाट रेघेवर पदराचा फोटो बसवला. त्यातून उरलेला सपाटपणा ‘वार्प ट्रान्सफॉर्म’ने दहा-बारा पिक्सेल खाली फुगवला. या चित्रात एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे १७ पिक्सेल, त्यामुळे बदल अर्ध्या सेंटिमीटरहून थोडा जास्तच. त्याहून फुगवलं तर कंबर सुजल्यासारखी दिसते.

बसलेली बाई जोडताना मधल्या वीतभर जागेतून ४०० पिक्सेलचा मऊ ब्रश फिरवला. तिची स्वतःची सावली उजवीकडे सतरंजीवर पसरते, तीही मास्कच्या आत ठेवली. ही सावली राहिली नसती तर बाई पाटासकट खोलीत चिकटवलेली वाटली असती.

वाटाण्यांच्या लेयरला ‘डार्कन ओन्ली’ मोड. हा मोड प्रत्येक ठिकाणी दोहोंपैकी गडद तेच दाखवतो, म्हणून फिकट भिंतीवर काळे वाटाणे आपोआप उमटतात, एकेक कापावा लागत नाही. साडी फिकट घेतली ती याचसाठी, गडद साडीवर वाटाणे गायब झाले असते. पण या मोडचा एक धोका आहे : आयएसओ ३२००च्या फोटोत येणारे ग्रेनचे बारीक गडद ठिपकेही भिंतीवर उतरतात आणि भिंत डागाळलेली, मळकी होते. उपाय म्हणजे वाटाण्यांच्या लेयरवर आधी ‘कर्व्हज’ या उजेड कमी-जास्त करणाऱ्या साधनाने भिंत चांगली उजळायची. भिंत पांढऱ्याकडे गेली की तिथे खालचाच लेयर दिसतो आणि वाटाणे तेवढे काळे उरतात. मग सुपाच्या वरचाच भाग मास्कमध्ये ठेवायचा, म्हणजे पाखडणारे धूसर हात येत नाहीत.

पहिल्या मसुद्यात तिने वाटाणे कमी वाटले म्हणून एकच लेयर उलटून पुन्हा वापरला होता. बाईच्या दोन्ही बाजूंना आरशासारखा तोच त्रिकोण दिसायला लागला. सहाही फोटो वेगवेगळे वापरल्यावर सुमारे साठ वाटाणे झाले, सुपाजवळ दाट आणि वर विरळ. त्यातले सात-आठ तरंगणाऱ्या शरीरावर आले होते. तीन तसेच ठेवले, म्हणजे ते तिच्या पुढे आहेत. बाकीचे मास्कने पुसले, म्हणजे ते तिच्या मागे गेले. दूर-जवळाची जाणीव या तीन वाटाण्यांनी जितकी दिली तितकी कशानेच दिली नाही.

शेवटी सगळ्याच्या वर एकच रंगछटा आणि एकसारखं बारीक ग्रेन. वेगवेगळ्या फोटोंमधला ग्रेनचा फरक त्याने झाकला जातो. हे टोक मात्र ताणू नये : जाड ग्रेन आणि जुनाट पिवळा रंग लावून जोडकामाच्या चुका लपवलेली चित्रं लगेच ओळखू येतात.

छपाईत दिसलेलं

४५०० पिक्सेलचं चित्र इंचाला २५० पिक्सेल या हिशेबाने १२ बाय १८ इंच छापलं, मॅट कागदावर. मोबाइलवर न दिसलेली एक चूक तिथे दिसली. सुपाच्या अगदी वर, बोटभर अंतरावर पाच वाटाणे होते, आणि सुपाच्या फिकट बांबूवर त्यांची सावली नव्हती. उंचावरच्या वाटाण्यांची सावली लहान आणि इतकी मऊ असते की विरून जाते, पण सुपाच्या एवढ्या जवळची दिसायलाच हवी. ‘मल्टिप्लाय’ लेयरवर पाच ठिपके, प्रत्येकी १५ पिक्सेल, वाटाण्याच्या थोडे उजवीकडे, अपारदर्शकता ३० टक्के. दुसरी प्रत काढली तेव्हा ते पाच वाटाणे सुपाच्या वर आले होते. पहिल्या प्रतीत ते कागदावर होते.